डोंगरातलं अनोळखी फूल ते नवी प्रजाती: नमुन्यापासून नावापर्यंत

कड्याच्या कपारीत उगवलेलं फूल हाताशी असलेल्या एकाही पुस्तकात सापडत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की योग्य पुस्तक अजून उघडलेलं नाही. तरीही जगभरात दर वर्षी संवहनी (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पतींच्या सुमारे २,००० नव्या प्रजातींची नावं प्रसिद्ध होतात. २०१० साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की नव्या प्रजातींपैकी जेमतेम १६ टक्क्यांचं वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून ५ वर्षांच्या आत झालं होतं; जवळपास पाव हिश्श्याच्या बाबतीत तो नमुना ५० वर्षांहून जुना होता. म्हणजे शोध लागतो तो बऱ्याचदा हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात, ओळख न पटलेल्या नमुन्यांच्या फोल्डरमध्ये. डोंगरावरचं काम एवढंच, की त्या कपाटात जाणारा नमुना पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याला तुम्हाला काही विचारावं लागू नये.

(इथं प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस. मराठीत हे शब्द उलटसुलट वापरले जातात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.)

डोंगर नव्हे, वंश निवडा

दिसेल ते गोळा करत फिरणाऱ्यापेक्षा एकाच वंशात मुरलेल्या माणसाला नवं फूल आधी दिसतं. तेरड्याचा इम्पेशन्स घ्या, प्रिम्युला घ्या, पेडिक्युलॅरिस घ्या. त्या पट्ट्यातल्या तीस-चाळीस प्रजाती पान बघताच ओळखू येतील इतक्या पक्क्या करा. मग एक्केचाळिसावी आपोआप डोळ्यांत खुपते.

कुठं जायचं ते जुन्या नमुन्यांच्या नोंदी सांगतात. जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता नोंदींच्या संकेतस्थळावर त्या भागातल्या नोंदी महिना आणि उंचीप्रमाणे मांडून बघा. एखाद्या उंचीच्या पट्ट्यात नोंदीच नाहीत, किंवा सगळ्या नोंदी ऐन पावसाळा सोडून इतर महिन्यांतल्याच आहेत, असं हमखास निघतं. लोक रस्ता उघडा असतो तेव्हाच जातात, दुसरं काही नाही. एकटी पडलेली शिखरं, सतत ठिबकणारे कडे, चुनखडीचे किंवा सर्पेंटाइन खडकाचे तुटक पट्टे या जागा आधी घ्या. तिथं वनस्पती शेजाऱ्यांपासून वेगळ्या पडून बदललेल्या असण्याची शक्यता जास्त.

वेळेचं गणित नीट जुळवावं लागतं. कारवीसारख्या वनस्पती कित्येक वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलतात, तिथं चुकलेला हंगाम परत मिळवायला वर्षं लागतात. उलट उंच डोंगरात एक सोय असते. वर जावं तसा बहर उशिरा येतो, त्यामुळे एकाच फेरीत खालच्या उतारावर फळं आणि वर फुलं मिळू शकतात. फळ आणि बी नसलेला नमुना अर्धा असतो, म्हणून हे जमवाच.

परवानगी आधी काढा. संरक्षित क्षेत्राचा परवाना वेगळा, संशोधनासाठी जैविक सामग्री नेण्याचा वेगळा. २०१० च्या नागोया करारानंतर नमुने देशाबाहेर पाठवण्याचे नियम कडक झाले आहेत, आणि ऑर्किडच्या सगळ्या प्रजाती साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात, त्यामुळे सुकलेली शीटसुद्धा (नमुना चिकटवलेला कागद) कागदपत्रांशिवाय सीमेपार जाऊ नये. चांगली नियतकालिकं परवान्याचा क्रमांक मागतात आणि तो दोन वर्षांनी मागे जाऊन मिळवता येत नाही.

तोडण्याआधी बघा, मोजा, लिहा

सुकल्यावर जे नाहीसं होतं ते जागेवर लिहून घ्यायचं: फुलाचा रंग आणि त्यावरचे ठिपके-रेषा, घशाचा रंग वेगळा असल्यास तो, वास, चीक, पानाची जाडी, खोड उभं की लोळणारं, पूर्ण झाडाची उंची, फूल वर बघतं की खाली झुकतं, कोणता कीटक येतो, फूल सकाळी उमलतं की संध्याकाळी. नुसतं 'जांभळं' लिहून भागत नाही. फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. फोटो निदान इतके हवेत: अधिवास, पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून, बाजूनं आणि मागून, उभं कापलेलं फूल, फळ.

जागा दशांश अंशांत, डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या नेहमीच्या संदर्भपद्धतीत, आणि सोबत जीपीएसनं दाखवलेली त्रुटी मीटरमध्ये. उंचीच्या बाबतीत जीपीएसवर फार विश्वास ठेवू नका. खोल दरीत उपग्रह कमी दिसतात आणि उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा मोठी असते. नकाशातल्या समोच्च रेषेशी ताडून मगच लिहा. खडक कोणता, उताराची दिशा कोणती, सोबत काय उगवलं आहे, अंदाजे किती झाडं आहेत, हेही लिहा. शेवटचा आकडा पुढं धोक्याची श्रेणी ठरवताना लागतोच.

गोळा करणाऱ्याचा क्रमांक आयुष्यभर एकाच मालिकेत चालवा, १ पासून पुढे. दर वर्षी नव्यानं १ पासून सुरुवात करणाऱ्यांचे नमुने पुढच्या पिढीला चक्रावून टाकतात. एक क्रमांक म्हणजे एका जागी, एका वेळी केलेलं संकलन. आषाढात फुलं आणि कार्तिकात फळं गोळा केली तर ते दोन क्रमांक. दोन्ही एकाच शीटवर चिकटवून एकच क्रमांक देण्याचा मोह पुढं नावाच्या मुळावर येतो; ते खाली येईलच.

किती घ्यायचं? वीसास एक हा जुना दंडक चांगला आहे: वीस झाडं मोजली तर एक. वीसही नसतील तर मूळ उपटू नका. एक फांदी, दोन-तीन फुलं आणि पुष्कळ फोटो. भरपूर झाडं असतील तेव्हा एकाच क्रमांकाच्या चार-पाच प्रती घ्या, म्हणजे वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवता येतात.

फूल जागेवरच उकला

तेरड्याचं उदाहरण घेऊ, कारण सुकल्यावर सगळ्यात जास्त दगा देणारं फूल तेच. पाकळ्या इतक्या पातळ असतात की दाबात त्यांचा एकजीव डाग होतो, आणि प्रजाती तर त्याच पाकळ्यांच्या आकारावर ठरतात. ताजं फूल हातात घ्या. बाजूची दोन छोटी निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) चिमट्यानं अलग करा. काही प्रजातींत अशी चार असतात, तेव्हा मोजा. खालचं निदल होडीसारखं किंवा पिशवीसारखं असतं आणि त्याचाच मागे काटा होतो, म्हणजे मधाचं शेपूट. हे निदल देठापासून सोडवा आणि काट्याची लांबी वळणासकट दोऱ्यानं मोजा. वरची सुटी पाकळी काढून तिच्या पाठीवरचा कंगोरा बघा. मग उरतात पंखासारख्या जोडपाकळ्या, प्रत्येक बाजूला दोन-दोन एकमेकींना चिकटलेल्या. त्या बशीतल्या पाण्यावर सोडल्या की आपोआप पसरतात. खालून पांढरं कार्ड सरकवून उचला, टिपकागदानं पाणी टिपा, फोटो घ्या आणि तसंच दाबात ठेवा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. तंबूत परतेपर्यंत थांबलात तर फूल पिशवीतच वितळलेलं असतं.

प्रत्येक क्रमांकाची काही फुलं आणि कच्ची फळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये, थोडं ग्लिसरीन घालून, घट्ट झाकणाच्या कुपीत ठेवा. आतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलात सुटते आणि मग कुपीत निळं पाणी आणि कोरा कागद उरतो.

डीएनएसाठी कोवळ्या, निरोगी पानाचे चार-पाच चौरस सेंटिमीटरचे तुकडे कागदी पाकिटात आणि ते पाकीट सिलिका जेलच्या झिप पिशवीत. वजनानं पानाच्या किमान दहापट सिलिका हवी. चोवीस तासांत पान कडकडीत वाळलं पाहिजे, मोडलं तर तुटलं पाहिजे. वाकत असेल तर सिलिका बदला. रसाळ पानं आधी चिरून घ्या.

दाबणं आणि वाळवणं

साधारण ४५ × ३० सेंमीचा प्रेस (नमुने दाबायची चौकट), वर्तमानपत्र, टिपकागद आणि हवा खेळायला नालीदार पुठ्ठे. नमुना ठेवताना एखादं पान उलटं करा म्हणजे शीटवर पानाच्या दोन्ही बाजू दिसतात. लांब झाड कापण्याऐवजी व्ही किंवा एन आकारात मोडून बसवा; शेवटी ते ४२ × २८ सेंमीच्या आसपासच्या शीटवर मावायला हवं. उशीसारख्या गच्च वाढणाऱ्या उंच डोंगरी झाडांचा उभा काप घ्या, नाहीतर गोळा सपाट होत नाही आणि आतून कुजतो. कंद उभा चिरा.

पहिले तीन दिवस टिपकागद रोज, दमट हवेत दिवसातून दोनदा बदला. आतलं वर्तमानपत्र मात्र फुलासकट तसंच ठेवा, उघडलं की पाकळ्या फाटतात. गरम हवेवर वाळवायचं तर ४५ ते ५० अंश सेल्सिअस पुरे. त्यावर गेलं की पानं तपकिरी होतात आणि लव जळते. सलग पावसात काहीच वाळत नसेल तर वर्तमानपत्रातला गठ्ठा पिशवीत घालून अल्कोहोलनं भिजवा आणि खाली गेल्यावर वाळवा. यानं बुरशी थांबते, पण रंग जातो आणि डीएनए खराब होतो, म्हणून सिलिकातलं पान आधीच वेगळं काढलेलं हवं. हर्बेरियममध्ये नेण्याआधी गठ्ठा उणे २० अंशांत आठवडाभर गोठवा, किडे मरतात.

नवं आहे हे सिद्ध करणं म्हणजे जुनं नाही हे सिद्ध करणं

खरं काम इथं सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं आहे. आधी त्या देशाचा फ्लोरा (तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ), मग शेजारच्या सगळ्या देशांचे. डोंगररांगा अनेकदा देशांच्या सीमाच असतात आणि फ्लोरा मात्र सीमेवर थांबतात. एकाच उताराच्या दोन बाजूंना एकाच झाडाला दोन नावं पडली आहेत ती यामुळेच. त्यानंतर वंशाचा मोनोग्राफ (त्या एकाच वंशावरचा सविस्तर ग्रंथ), मग आयपीएनआय या वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय सूचीवर त्या वंशातल्या त्या भूभागातून प्रसिद्ध झालेल्या नावांची पूर्ण यादी, समानार्थी म्हणून बाजूला टाकलेल्यांसकट. हा शेवटचा भाग लोक टाळतात आणि तिथंच फसतात: १८८० साली कुणीतरी तुमच्याच झाडाला नाव दिलेलं असतं, नंतर कुणीतरी ते चुकीनं दुसऱ्या प्रजातीत मिसळलेलं असतं. अशा वेळी नवं नाव द्यायचं नसतं, जुनं जिवंत करायचं असतं.

प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत जुने ग्रंथ फुकट मिळतात. टाइप नमुन्यांची (ज्यांना ते नाव कायमचं बांधलेलं असतं त्यांची) चित्रं जेस्टोर ग्लोबल प्लांट्सवर आणि मोठ्या हर्बेरियमच्या संकेतस्थळांवर असतात. फोटोत लव आणि बियांवरची नक्षी दिसत नाही, त्यामुळे संशय उरला तर प्रत्यक्ष शीट बघायला जा किंवा तिथल्या क्युरेटरला विशिष्ट भागाचा जवळून फोटो मागा.

मग जवळच्या दोन-तीन प्रजातींशी तक्ता मांडा. निदान दहा-वीस झाडांवरून मापं घ्या, शक्यतो एकाहून जास्त ठिकाणच्या. पान थोडं लांब, फूल थोडं मोठं, यावर प्रजाती उभी राहत नाही. मापं एकमेकांत न मिसळणारी हवीत आणि एकमेकांवर न अवलंबणारे निदान दोन-तीन फरक हवेत. मोठ्या झाडाचं पान मोठं आणि फूलही मोठं हा एकच फरक आहे, दोन नव्हेत.

डोंगर कसा फसवतो

१९४० च्या आसपास क्लाउसेन, केक आणि हीसी यांनी कॅलिफोर्नियात एकेका झाडाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, सुमारे १,४०० मीटरवर आणि ३,००० मीटरच्या वर लावल्या. तेच झाड उंची बदलताच ठेंगणं किंवा उंच होत होतं. पण काही फरक मात्र जागा बदलूनही टिकले, कारण ते वंशपरंपरागत होते. नुसत्या बुटकेपणावर, दाट लवीवर किंवा जाड पानावर नाव देऊ नका. शक्य असेल तर बी खाली आणून रुजवा आणि फरक टिकतो का बघा.

संकर ओळखायला परागकण तपासा. अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात भरलेले परागकण लाल होतात, वांझ आक्रसून फिके राहतात. बहुतेक वांझ निघाले, रूप दोन शेजाऱ्यांच्या मधलं असलं आणि ते दोघे त्याच उतारावर असले, तर पुढे जायचं कारण नाही.

प्रिम्युलात कुक्षीवृंत (स्त्रीकेसराची दांडी) लांब असलेली आणि आखूड असलेली फुलं एकाच प्रजातीत वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यावरून दोन प्रजाती केल्यास हसं होतं. सायलीन वंशाच्या फुलात मायक्रोबोट्रियम ही काजळी रोगाची बुरशी शिरली की परागकोशात परागाऐवजी काळपट जांभळी भुकटी भरते, आणि मादी फुलांनासुद्धा पुंकेसर फुटतात. याहून कमाल पक्सिनिया मोनोइका या तांबेऱ्याची: उत्तर अमेरिकेतल्या डोंगरांत तो मोहरीच्या कुळातल्या झाडांची वरची पानं पिवळी, चिकट, गोड वासाची करतो आणि ते हुबेहूब फूल दिसतं. माश्या फसतात, माणसांनी फसू नये. म्हणून एकच विचित्र झाड हाती असेल तर आजूबाजूची शंभर झाडं बघितल्याशिवाय खूश होऊ नका.

डीएनए मदत करतो, पण वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता तो मागत नाही. आयटीएस, मॅटके यांसारखे डीएनएचे नेहमीचे तुकडे नव्यानं फुटलेल्या डोंगरी गटांत अनेकदा एकसारखे येतात. अँडीजमधल्या ल्युपिनस वंशाच्या सुमारे ८० प्रजाती गेल्या जेमतेम १५ लाख वर्षांतल्या आहेत. अशा ठिकाणी अनुक्रमात फरक नाही म्हणून प्रजाती वेगळी नाही, असं म्हणता येत नाही.

नाव आणि संहिता

वनस्पतींची नावं १ मे १७५३ पासून मोजली जातात. त्याच वंशात तेच विशेषण (प्रजातीच्या नावातला दुसरा शब्द) आधी कुणीही वापरलेलं असेल, भले ते नाव आज बाद असो, तरी ते तुम्हाला चालत नाही. वंशाचं नाव विशेषण म्हणून जसंच्या तसं परत वापरता येत नाही. प्राण्यांत चालतं, इथं नाही. लिंग वंशाप्रमाणे: रोझाबरोबर आल्बा, लिलियमबरोबर आल्बम. क्वेर्कस दिसायला पुल्लिंगी, पण परंपरेनं स्त्रीलिंगी, म्हणून क्वेर्कस आल्बा. व्यक्तीच्या नावानं द्यायचं तर व्यंजनान्त आडनावाला पुरुषासाठी '-इआय' आणि स्त्रीसाठी '-इए' लागतं. '-एर' नं संपणाऱ्या आडनावाचा पुरुषी प्रत्यय नुसता '-आय'. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. अपमानास्पद शब्द टाळा. २०२४ साली माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनं 'काफ्रा' मुळाची विशेषणं 'आफ्रा' अशी बदलायचं ठरवलं. झाडाचं काही दाखवणारं नाव सगळ्यात उत्तम, पण 'दुर्मिळ' किंवा 'एकमेव' अशा अर्थाचं देऊ नका, पुढच्या वर्षी शेजारच्या डोंगरावर हजार झाडं निघतात.

नाव वैध व्हायला लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण एकही सुटली तर नाव जन्मालाच येत नाही. वर्णन किंवा भेददर्शक टिपण लॅटिन अथवा इंग्रजीत (२०१२ पासून इंग्रजी चालतं). होलोटाइप म्हणजे एकाच संकलनातला एकच नमुना, आणि 'होलोटाइप' किंवा 'टाइप' हा शब्द स्पष्ट छापलेला. तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे ते; त्यासाठी हर्बेरियमच्या जागतिक यादीतला, म्हणजे इंडेक्स हर्बेरियोरममधला, संक्षेप चालतो. वर सांगितलेला फुलं-फळांचा जोडनमुना इथं आडवा येतो: दोन तारखांचं साहित्य होलोटाइप होऊ शकत नाही. फुलांची शीट होलोटाइप करा, तिच्याच क्रमांकाच्या प्रती आयसोटाइप, फळांचा क्रमांक पॅराटाइप. फुलझाडांसाठी नुसता फोटो किंवा कुंडीतलं जिवंत झाड टाइप म्हणून चालत नाही.

वर्णन लिहिणं

खालून वर, बाहेरून आत: मूळ, खोड, पान, पुष्पविन्यास, सहपत्रं, निदलं, पाकळ्या, पुंकेसर, अंडाशय, फळ, बी. क्रियापदं गाळलेली तुटक शैली, आणि प्रत्येक माप लांबी × रुंदी असं, ताज्यावरून की सुक्यावरून ते सांगून. जवळच्या प्रजातीच्या वर्णनात जे जे मोजलं आहे ते ते तुमच्याही वर्णनात असू द्या, नाहीतर तुलना लंगडी पडते. भेददर्शक टिपण तीन-चार ओळींचं ठेवा: कोणासारखी, आणि कशानं वेगळी. रेषाचित्र काढून घ्या. फोटो पाकळीच्या कडेवरची एकपेशीय लव दाखवेल की नाही याची खात्री नसते. प्रत्येक आकृतीला स्वतंत्र मोजपट्टी.

धोक्याची श्रेणी लिहिताना घाई नको. 'एकाच जागी सापडली, म्हणून अति संकटग्रस्त' हे वाक्य संपादक ताबडतोब पकडतात. धोक्याच्या श्रेण्या ठरवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या ब निकषात क्षेत्र लहान असून भागत नाही. तीन उपअटींपैकी दोन लागतात, उदाहरणार्थ मोजकी ठिकाणं आणि चालू असलेली घट. प्रौढ झाडं ५० हून कमी असल्याचं नीट मोजून दाखवता आलं तर ड निकषानं तीच श्रेणी मिळते. व्याप्त क्षेत्र २ × २ किमीच्या चौकटींनी मोजा. आजूबाजूच्या योग्य जागा शोधल्याच नसतील तर 'अपुरी माहिती' हीच प्रामाणिक श्रेणी. आणि ऑर्किड किंवा कंदाची देखणी प्रजाती असेल तर लेखात अचूक अक्षांश-रेखांश छापू नका. चोर पेपर वाचतात. ते हर्बेरियमच्या लेबलवर पुरेसे आहेत.

प्रसिद्धी आणि त्यानंतर

आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेल्या नियतकालिकात पीडीएफ स्वरूपात प्रसिद्धी चालते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांपासून दूर राहा, कारण अटी पाळलेल्या असतील तर वाईट लेखातलं नावही कायमचं वैध होतं आणि पुढच्या सगळ्यांना ते वाहावं लागतं. नाव परिषदेच्या भित्तिपत्रकात, प्रबंधात किंवा बातमीत आधी झळकवू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव नुसता गोंधळ वाढवतं. हस्तलिखित पाठवण्याआधी होलोटाइप हर्बेरियममध्ये जमा झालेला आणि त्याचा नोंदणी क्रमांक हातात असलेला बरा.

छापून आल्यावर आयसोटाइप ठरल्या ठिकाणी रवाना करा. मग पुन्हा कपाटाकडे जा: ज्या जुन्या शीट तुमच्या प्रजातीच्या असून दुसऱ्या नावाखाली पडल्या आहेत, त्यांवर नवी ओळखचिठ्ठी लावा. नाव, तारीख, स्वतःची सही. आधीची चिठ्ठी फाडायची नाही, झाकायचीही नाही; नवी तिच्याशेजारी चिकटवायची.